अर्धवट डावऱ्याचं घड्याळ

घड्याळ कुठल्या हातात घालायचं हा प्रश्न ज्यांना पडत नाही, ती माणसं सुखी. मला तो रोज सकाळी सव्वानऊला पडतो, आणि साडेनऊला ऑफिस असतं.

लोक म्हणतात, त्यात काय, ज्या हाताला काम कमी त्यात बांधायचं. पण मी जन्माचा डावरा. पहिलीत डाव्या हाताने 'ग' काढला की बोटांवर पट्टी बसायची. तिसरीपर्यंत 'सुधारलो'. आता लिहिणं-जेवणं उजव्याने. खिळे ठोकणं, कांदा चिरणं, कॅरम डाव्याने. दोन्ही हात अर्धवेळ नोकरीला. काम कमी कुणाला म्हणू?

त्यात वडिलांचं चावीचं एचएमटी जनता माझ्याकडे आलं. एचएमटीने १९६१ साली बंगळूरला घड्याळं बनवायला घेतली तेव्हा माझ्यासारख्यांचा विचार कोण करणार? चावी तीनच्या आकड्याशी. डाव्या मनगटावर ती बरोबर उजव्या चिमटीत येते, पण हातोडी उचलून मनगट वाकवलं की हाताच्या पाठीत रुतते. संध्याकाळी तिथे बारीक दातेरी ठसा असतो. उजव्या मनगटावर बांधलं तर चावी कोपराकडे तोंड करून बसते, आणि चावी द्यायला रोज घड्याळच उतरवावं लागतं.

तरी महिनाभर उजव्या हातात घालून पाहिलं. आई म्हणाली, "आरती करताना तरी काढत जा रे." साताऱ्यात मोती चौकात कंदी पेढे घेताना दुकानातले काका माझ्याकडे बघत म्हणाले, "पावणं, घड्याळ चुकलंय."

"किती मिनिटं?"

"मिनिटं न्हाई, हात."

शेवटी बायकोने स्मार्ट घड्याळ आणलं. सुरू केल्याबरोबर त्याने पहिल्या पाच प्रश्नांत विचारलं, डावा की उजवा? म्हणजे सातारा कमी होता. मी डावा म्हणालो. रविवारी बटाटेवड्यांचा घाट होता, दोन किलो कांदा चिरला, आणि घड्याळाने माझं अभिनंदन केलं. पाटावर बसल्या बसल्या मी निम्मा अजिंक्यतारा चढलो होतो! तेव्हापासून व्यायाम म्हणून बायको मला कांदेच देते.

वैतागून थोडी चौकशी केली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुरुष घड्याळ खिशात ठेवायचे. मनगटावरचं घड्याळ हा बायकांचा दागिना. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना दर वेळी खिसा चाचपायला सवड नव्हती, म्हणून ते मनगटावर रुळलं. मला खंदक नाही, बंदूक नाही. मग मी का सोसावं? गांधीजी तर घड्याळ कमरेला अडकवायचे. डावं नाही, उजवं नाही, भानगडच मिटली.

बायकोला म्हटलं, "ठरलं. उद्यापासून कमरेला."

तिने पेढ्यांचा पुडा माझ्यापुढून उचलला. "आधी कंबर कुठाय ते सापडू दे."