अंगठ्याचा की बोटांचा?

मनगटाचे दुखणे हे प्रतिष्ठेचे दुखणे नव्हे. गुडघा दुखतो म्हटले की लोक उठून खुर्ची देतात, कंबर दुखते म्हटले की तेल सुचवतात. मनगट दुखते असे सांगितल्यावर मात्र आमच्या अमळनेरात ‘असं काय उचललं?’ एवढेच विचारले जाते, आणि ‘माउस’ हे उत्तर देणे कोणाही कर सल्लागाराला शोभत नाही. अस्थिरोगतज्ज्ञांनी माझा हात उलटासुलटा करून पाहिला, ‘माउस सोडा, ट्रॅकबॉल घ्या’ असे सांगितले आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. कोणता ट्रॅकबॉल, हा प्रश्न माझ्या तोंडातच राहिला. औषधाचे नाव न लिहिता नुसते ‘गोळी घ्या’ म्हणावे, तसाच हा सल्ला होता.

ट्रॅकबॉल जागचा हलत नाही. त्याच्यात बसवलेला गोळा आपण फिरवायचा आणि पडद्यावरचा बाण पळवायचा. ज्याच्या टेबलावर अशिलांच्या पावत्यांच्या गठ्ठ्यांमुळे माउस सरकवायला वीतभर जागा उरलेली नाही, त्याला एवढ्या एका गुणासाठीही हे यंत्र घ्यावेसे वाटेल. म्हणून मी जळगावला गोलाणी मार्केट गाठले. तेथील एका दुकानदाराने माझी मागणी शांतपणे ऐकली, माळ्यावरून पोटात रबरी गोळी असलेला जुना माउस काढला, तो उताणा केला आणि म्हणाला, ‘हा घ्या साहेब, असा धरा.’ मला राग आला. पण इतिहास दुर्दैवाने त्याच्या बाजूचा निघाला. राल्फ बेंजामिन यांनी 1946 मध्ये ब्रिटिश नौदलाच्या रडारसाठी असा गोळा योजला, कॅनडाच्या नौदलाने 1952 च्या सुमारास आपल्या यंत्रात चक्क बोलिंगचा चेंडू बसवला, आणि जर्मनीच्या टेलिफुंकन कंपनीने 1968 मध्ये हाच गोळा पालथा करून टेबलावर फिरणारा माउस विकायला काढला. तेव्हा दुकानदाराने केले ते एवढेच, की टेलिफुंकनचा प्रवास उलट दिशेने करून दाखवला. तरीही मी तो माउस घेतला नाही.

आता ऑनलाइन खरेदीवाचून गत्यंतर नव्हते, आणि खरी परीक्षा तेथेच सुरू झाली. ट्रॅकबॉलच्या जगात दोन पंथ आहेत. एका पंथात गोळा डावीकडे असतो आणि सगळी धावपळ अंगठा करतो. दुसऱ्यात गोळा मधोमध असतो आणि तो दोन-तीन बोटांनी फिरवायचा. लॉजिटेकच्या अर्गो एम575 मध्ये अंगठ्याखाली 34 मिलिमीटरचा गोळा आहे. केन्सिंग्टनच्या एक्स्पर्ट माउसमध्ये 55 मिलिमीटरचा, आणि त्याच्याभोवती पान वरखाली करण्यासाठी फिरणारे कडे. हे आकडे वाचून हाताला काहीही कळत नाही. सुदैवाने माझा मावसभाऊ सराफाच्या पेढीवर कारागीर आहे. त्याचा व्हर्नियर कॅलिपर मागून आणला आणि घरातली प्रत्येक गोल वस्तू मोजायला घेतली. बोर 34 च्या जवळपास भरले. 55 साठी बायकोने वळलेल्या रव्याच्या लाडवांतून एक निवडावा लागला. मग टेबलावर एकेक ठेवून, डोळे मिटून, काल्पनिक विवरणपत्रातील रकाने भरू लागलो. बोर अंगठ्याखाली सुरेख फिरले. पण थोड्याच वेळात अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ उठली की मनगटाचे दुखणे फक्त वरच्या मजल्यावर राहायला जाणार हे स्पष्ट झाले. लाडू बोटांना फार मानवला. परंतु तो दुपारपर्यंत टिकला नाही, कारण चिरंजीवांना या संशोधनाची पूर्वकल्पना दिलेली नव्हती.

चिरंजीव डावखुरे आहेत, ही आणखी एक भर. अंगठ्याचे बहुतेक ट्रॅकबॉल उजव्या हाताच्या साच्याचे असतात. इलेकॉमसारखी एखादी कंपनी डाव्या हातासाठी वेगळा बनवते. मधोमध गोळा असलेले आणि दोन्ही बाजूंनी सारखे असलेले यंत्र मात्र कोणत्याही हाताला चालते.

बिनतारी असण्याचा प्रश्न वरवर साधा होता. माझ्या जुन्या संगणकाला ब्लूटूथ ठाऊक नसल्यामुळे यूएसबीत खोचायचा रिसीव्हर आवश्यक ठरला. काही यंत्रे चार्ज करायची असतात, काहींना डबल ए सेल लागतात, आणि एका सेलवर दोन वर्षांपर्यंत चालण्याचा दावा कंपन्या करतात. हा दावा करणाऱ्यांच्या घरी भिंतीवरचे घड्याळ नसावे. घड्याळ बंद पडले की आमची आत्या ज्या वस्तूत तसाच सेल दिसेल ती उघडते. ट्रॅकबॉलचे चित्र दाखवल्यावर ‘हाई काय शे?’ असे तिने विचारले खरे, पण तिची नजर सेलच्या झाकणावर होती.

स्वच्छतेविषयी जाहिरातींत एखादेच वाक्य असते आणि खानदेशात ते पुरत नाही. गोळा आत तीन बारीक टेकूंवर बसतो. हाताचे तेल, धूळ आणि कापसाचे तंतू नेमके त्या टेकूंपाशी जमतात आणि बाण अडखळू लागतो. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढला की घामाची त्यात भर पडते, आणि हिवाळ्यात भरीत खाऊन घाईने हात पुसणाऱ्यांविषयी तर बोलायलाच नको. तेव्हा गोळा सहज बाहेर काढता येतो की नाही, हे मी किमतीच्याही आधी पाहिले.

शेवटी बोटांचा, मोठ्या गोळ्याचा, दोन सेलचा आणि मनगटाखाली गादी असलेला ट्रॅकबॉल मागवला. पहिले काही दिवस बाण उद्दाम वासरासारखा पडद्याबाहेर पळत असे. वेग सेटिंगमध्ये कमी केल्यावर तो वठणीवर आला. फाइल ओढून दुसरीकडे नेताना एक बटण दाबून ठेवायचे आणि गोळाही फिरवायचा, ही कसरत अजून पूर्णपणे साधलेली नाही. मनगट मात्र शांत आहे. शिवाय एक लाभ कोणत्याही कंपनीने जाहिरातीत सांगितलेला नव्हता. ‘फक्त एक प्रिंट’ काढायला येणारे शेजारी माझ्या खुर्चीत बसतात, ते यंत्र मुठीत धरून टेबलभर घासतात, बाण तसूभरही हलत नाही, आणि ‘तुमचा माउस बिघडलाय’ असे सहानुभूतीने सांगून ते चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानाकडे जातात.