गुलशन महाल उरकण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

पेडर रोडवर पूर्वीच्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. 19 जानेवारी 2019 ला त्याचं उद्घाटन झालं आणि तेव्हापासून ते तुमच्या 'एकदा जायचंय'च्या यादीत आहेच. ते आता निकालात काढू. शक्यतो सोमवार गाठा. सोमवारी संग्रहालय बंद असतं, त्यामुळे फाटकाशी एक फोटो काढला की सांस्कृतिक कर्तव्य संपलं. नाइलाजानं दुसरा वार निघालाच, तर बंद व्हायला तासभर उरला असताना पोचा.

आत इमारती दोन. एक गुलशन महाल, एकोणिसाव्या शतकातला बंगला. दुसरी शेजारची नवी, काचेची. इतिहासाची सुरुवात बंगल्यात होते, म्हणून तुम्ही नव्या इमारतीत शिरा. तिथे मुलांना रमवणारं बरंच काही आहे. पाऊण तास कुठे जातो कळत नाही. उरलेल्या पंधरा मिनिटांत बंगला. सिनेमाच्या जन्मापासून मूकपट, बोलपट, स्टुडिओंचा जमाना, महायुद्धाचे परिणाम असे नऊ विभाग आहेत, म्हणजे विभागामागे शंभर सेकंद. जिना चढण्याचा वेळ यातूनच वजा करायचा.

आत गेल्या गेल्या 'किती अंधार आहे!' असं मोठ्यानं म्हणा. जुन्या छापील कागदाला पन्नासेक लक्सच उजेड मानवतो आणि एकदा उडालेला रंग परत येत नाही, ही संग्रहालयवाल्यांची अडचण, तुमची नव्हे. पोस्टरसमोर थेट उभं राहून फ्लॅश मारा. तो काचेवर आपटून परत येतो आणि नायिकेच्या तोंडावर पांढरा गोळा उमटतो. जरा तिरकं उभं राहून, फ्लॅशशिवाय काढलं तर पोस्टर नीट येतं खरं, पण मग तिथे जाऊन आल्याचा पुरावा काय?

कुठल्याही सिनेमा-संग्रहालयात झोएट्रोप दिसला, तर मात्र वेळ काढा, कारण तो बिघडवण्यासारखा असतो. 1834 मधली विल्यम हॉर्नरची ही कल्पना. उभ्या फटी पाडलेलं वाटोळं पिंप, आतून चित्रांची पट्टी. बारा चित्रं असतील तर सेकंदाला साधारण एक फेरा पुरतो. बाहेरून, डोळा फटीच्या उंचीवर आणून बघायचं; फट डोळ्यासमोरून सरकते तेवढ्या क्षणापुरतंच एक चित्र दिसतं, मधे अंधार, मग पुढचं. तो मधला अंधार आहे म्हणून घोडा दौडतो. तुम्ही अर्थातच वरून वाकून बघा. वरून अंधाराची आडकाठी नसते, त्यामुळे बाराही चित्रं एकमेकांत कालवून राखाडी पट्टा होतो. मग मुलाला सांगा, 'जोरात फिरव.' आणखी राखाडी. 'बंद पडलंय' असा शेरा मारून पुढे चला. प्रोजेक्टरचं शटरही हेच काम करतं, हे पुढच्या एखाद्या फलकावर असलंच तर तिथवर आपण थांबणार नाही आहोत.

मूकपटांकडे आलात की हसायला विसरू नका. माणसं तुरुतुरु पळतात, हात झटकतात. 'पूर्वीचे लोक काटक होते' हा निष्कर्ष हाताशी ठेवा. हिशेब कंटाळवाणा आहे: 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी, म्हणजे फ्रेम, बसतात. हातानं दांडा फिरवून चालवलेला कॅमेरा सेकंदाला साधारण 16 चौकटी घ्यायचा, म्हणजे सेकंदाला एक फूट. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी 3,700 फूट सांगतात. त्या चालीनं तासाभराचा खेळ होतो. तेच रीळ बोलपटाच्या, म्हणजे सेकंदाला 24 चौकटींच्या वेगानं सोडलं की 41 मिनिटांत संपतं आणि तारामतीसुद्धा लोकल पकडायला निघाल्यासारखी चालते. घाई प्रोजेक्टरची, नाव फाळक्यांचं.

तारामतीवरून आठवलं, सोबतच्यांना 'ही पहिली भारतीय नटी' असं ठणकावून सांगा. फलक वाचणारा एखादा आगाऊ माणूस म्हणेल की ते अण्णा साळुंके होते, आणि 1917 च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही त्यांनीच केले. त्याच्याकडे दयेनं बघा. असली माणसं संग्रहालयात वाचायला येतात.

शेवटी 'आलम आरा'. 14 मार्च 1931, मॅजेस्टिक थिएटर, पहिला भारतीय बोलपट. इथे मदतनीसाला गाठून सात गाण्यांपैकी एखादं तरी लावायला सांगा. तो म्हणेल, प्रत उपलब्ध नाही. कुठेच नाही. मग सरकारी अनास्थेवर बोला, आवाज चढवून. त्या काळची फिल्म नायट्रेटची, आपसूक चिकट होऊन भुगा होणारी, पेटली तर पाण्याखालीही जळणारी. आणि खेळ संपलेल्या रिळांत निर्मात्यांना सिनेमापेक्षा चांदी जास्त दिसायची, म्हणून कित्येक रिळं चांदी काढण्यासाठी विकली गेली. यातलं काही तो सांगू लागलाच, तर घड्याळ दाखवा. तुमचे शंभर सेकंद संपलेले असतात.