कोंड्याचा शाम्पू घेताना बाटली उलटी करा, आणि लावल्यावर पाच मिनिटं थांबा

कोंड्याच्या शाम्पूबद्दल अगदी मनापासून सांगतो, बहुतेकांचं चुकतं ते निवडीत कमी आणि लावण्यात जास्त. औषधी शाम्पू म्हणजे फेस काढून लगेच धुवून टाकायचा साबण नव्हे. केटोकोनाझोल या बुरशी मारणाऱ्या औषधाला टाळूवर ३ ते ५ मिनिटं मिळायलाच हवीत. अर्ध्या मिनिटात तांब्या ओतला की औषध मोरीत जातं, आणि आठवड्याने मेडिकलवाल्याला सांगितलं जातं, "यानं फरक पडत नाही, दुसरा द्या."

कोंडा म्हणजे अस्वच्छता हे आधी मनातून काढून टाका. मॅलॅसेझिया नावाची बुरशी मोठ्या माणसांपैकी जवळपास सगळ्यांच्याच टाळूवर असते. त्वचेतून सुटणाऱ्या तेलावर ती जगते. ते तेल फोडताना ओलेइक आम्ल सुटतं, आणि ज्यांच्या त्वचेला ते सोसत नाही त्यांना खाज सुटून त्वचेचे पापुद्रे भराभर पडू लागतात. म्हणून एकाच घरात, एकाच शाम्पूवर, एकाला कोंडा होतो आणि दुसऱ्याला नाही. शाळकरी मुलींना "डोकं धूत नाहीस का?" असं चारचौघांत विचारलं जातं, याचं फार वाईट वाटतं. रोज न्हाऊनही हा त्रास होतो.

आता दुकानात. पुढचं कोरफडीचं नि कडुनिंबाचं चित्र सोडा, बाटली फिरवून घटक आणि टक्के वाचा. खांद्यावर नुसती पांढरी भुकटी पडत असेल, खाज बेताची असेल, तर झिंक पायरिथिऑन १% पुरतं. (युरोपीय संघात मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी आहे, तेव्हा जर्मनीतल्या भाचीला तिथल्या दुकानात ते मिळणार नाही.) पापुद्रे पिवळट, चिकट असतील, खाज झोपू देत नसेल, भुवया आणि नाकाच्या कडा लाल होत असतील, तर सरळ केटोकोनाझोल २% घ्या. पहिली निवड म्हणून मी तेच सांगेन. या औषधाच्या गोळ्या यकृताला घातक ठरू शकतात, म्हणून २०१३ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी त्या थांबवायला सांगितल्या. ते वाचून अनेक जण शाम्पूलाही घाबरतात. पण शाम्पूतून रक्तात जवळजवळ काहीच जात नाही.

सेलेनियम सल्फाइड २.५% सुद्धा चांगलं काम करतं, पण ते सांभाळून वापरायचं. २-३ मिनिटंच ठेवा, आधी अंगठ्या काढा, कारण सोन्याचांदीवर डाग पडतो. रंगवलेल्या किंवा पिकलेल्या केसांचा रंगही बदलू शकतो. सॅलिसिलिक आम्ल बुरशी मारत नाही, ते जाड खपली मऊ करून सोडवतं. खपलीचा थर असेल तर आधी ते, मग केटोकोनाझोल, नाहीतर औषध थराच्या वरच राहतं. कोल टार, म्हणजे कोळशाचं डांबर, मुख्यतः सोरायसिस या जाड खपल्यांच्या त्वचारोगासाठी. वास उग्र, उशीच्या अभ्र्याला डाग, आणि लावल्यावर डोक्याला ऊन लागू द्यायचं नाही.

लावायची रीत अशी. तेल असेल तर आधी साध्या शाम्पूने काढा, नाहीतर महागाचं औषध तेल काढण्यातच खर्ची पडतं. मग ५ ते १० मिली औषधी शाम्पू तळहातावर घ्या. केसांत जागोजागी भांग पाडून तो कातडीपर्यंत पोचवा, केसांच्या लांबीवर नको. बोटांच्या पेरांनी चोळा, नखं लावू नका. कपाळाची कड आणि कानामागची घडी हमखास राहून जाते, खपल्या मात्र तिथंच साचतात. फेस डोक्यावर ठेवून बाकीची आंघोळ उरका आणि डोकं शेवटी धुवा. पाच मिनिटं आपोआप होतात, थांबल्यासारखं वाटतही नाही. डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुवा. कंडिशनर लावायचा तर फक्त टोकांना.

हे आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. ८ वेळा ८ मिली म्हणजे ६४ मिली, तेव्हा १०० मिलीची बाटली महिना काढून उरते. ते उरलेलं टाकू नका आणि घरातल्या सगळ्यांत वाटूही नका. खाज थांबली की बाटली कपाटात जाते आणि काही आठवड्यांत कोंडा हजर होतो. ही बुरशी कायमची जात नाही, तिला आटोक्यात ठेवावं लागतं. म्हणून पुढे आठवड्याला किंवा पंधरवड्याला एकदा लावत राहा.

खोबरेलाबद्दल बोललं की आई-आजींना राग येतो, तरी बोलायलाच हवं. या बुरशीला स्वतःची स्निग्धाम्लं तयार करता येत नाहीत, ती बाहेरून घ्यावी लागतात. चिकट कोंडा असताना रात्रभर तेल चोपडून झोपणं म्हणजे तिचं ताट वाढून ठेवणं. लावायचंच तर केसांच्या लांबीला लावा. थंडीत हातपाय फुटतात, तसंच डोकंही कोरडं पडून बारीक भुसा पडत असेल, तर गोष्ट वेगळी, तिथं तेल बरं वाटतं आणि औषधी शाम्पूने उलट जास्त कोरडं पडतं. लिंबू मात्र खाजवून सोललेल्या टाळूवर कधीच नको.

चार आठवडे नीट लावूनही फरक नसेल तर शाम्पू बदलत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. चंदेरी जाड खपली केसांची कड ओलांडून कपाळावर आली असेल, कोपर-गुडघ्यांवरही असेल, तर तो सोरायसिस असू शकतो. लहान मुलाच्या डोक्यावर केस तुटलेला गोल चट्टा दिसला तर गजकर्णाची शंका घ्या, त्याला पोटातून औषध लागतं. पांढरा कण केसाला घट्ट चिकटून ओढूनही सरकत नसेल तर ती लीख आहे. आणि डाय लावल्यावर एक-दोन दिवसांत खाज उठली असेल तर आधी डाय बंद करा. क्लोबेटासोलसारखं स्टिरॉइड लोशन शेजाऱ्याच्या सांगण्यावरून आणू नका. चार दिवस छान वाटतं, पुढे कातडी पातळ होते आणि लोशन थांबवलं की खाज पुन्हा उसळते.

तान्ह्या बाळाच्या डोक्यावरच्या पिवळट खपल्यांना यातलं काहीही नको. थोडं बेबी ऑइल लावून मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवा आणि बाळाच्या शाम्पूने तेल धुऊन टाका. काही आठवड्यांत-महिन्यांत त्या बहुधा आपणहून जातात.