काळा रंग कोणाचा?

मंद्याने पिंक टाकलीच. "मारामारीच्या पिक्चरमध्ये गोष्ट कोण बघतं रे?"

"'हीरो' बघ," सुहास म्हणाला. "जॅकी श्रॉफचा नव्हे, झांग यिमोचा, 2002 चा. जेट ली जुन्या चीनमधल्या छिन राज्याच्या राजाला सांगतो, तुझ्या जिवावर उठलेले तिघं मी संपवले. त्यातले दोघं एकमेकांचे प्रेमिक. त्याचं बक्षीस काय? राजाच्या जवळ बसायचं. आधी वीस पावलांवर, मग दहा. आणि ह्याची तलवार दहा पावलांत चुकत नाही! दोघं नुसते बोलत बसलेत, तरी आपण श्वास धरून."

"आणि रंग?" नीता म्हणाली. "लाल म्हणजे मत्सर, निळा म्हणजे त्याग, पांढरा तर चीनमध्ये सुतकाचाच."

मला हा रंगांचा शब्दकोश पटत नाही. म्हटलं, "लाल भाग ही जेट लीची थाप आहे. निळा हा राजाचा अंदाज. पांढरा म्हणजे खरं घडलेलं. माणसं तीच, पण सांगणारा बदलला की कपड्यांपासून पडद्यांपर्यंत सगळं बदलतं. रंग भावनेचा नाही, सांगणाऱ्याचा."

"मग त्या प्रेमिकाची दासी झालेली झांग झियी मरते तेव्हा पिवळी पानं लालभडक का होतात?"

"थापेला मीठमसाला नको?"

नीता हसली, पण हटली नाही. खरी गंमत तर पुढेच आहे. थापेत ते प्रेमिक क्षुद्र, मत्सरी. राजा म्हणतो, छे, ती माणसं अशी नव्हती, आणि स्वतःच्या निळ्या गोष्टीत त्यांना थोर करतो. ज्याला मारायला ते निघाले, त्यालाच त्यांची जास्त कदर! हे संवादाच्या आधी रंगानेच कळतं.

"म्हणजे कुरोसावाचा 'राशोमोन'च की, एकाच खुनाच्या वेगवेगळ्या कहाण्या," सुहास.

"तिथे खरं कोणाचं ते ठरत नाही," मी म्हटलं. "इथे पांढरा ठरवून टाकतो."

"आणि हिरवा?" नीता म्हणाली. "पांढऱ्याच्या पोटातली आठवण. त्या प्रेमिकाची तलवार राजाच्या गळ्याला लागलेली, तरी तो मारत नाही."

मंद्या इतका वेळ गप्प होता. "तेच तर! शेवटी जेट लीही मारत नाही. एवढे रंग उधळून हुकूमशहाचीच आरती. आणि तुझ्या हिशेबाने रंग सांगणाऱ्याचा ना? मग महालातला काळा कोणाचा?"

हाच राजा पुढे छिनचा पहिला सम्राट झाला, आणि त्याने काळा हाच राज्याचा रंग ठरवला होता, हे मला माहीत होतं. मी ते सांगितलं, आणि मंद्याने टाळीसाठी हात पुढे केला.