नागपूरच्या गिरण्या आणि रिळखात्यातल्या बायका

नागपूरच्या गिरणी कामगारांचा इतिहास सांगताना कामगार पुढारी रुईकर येतात, संप येतात, लूमखात्यातले विणकर येतात. सुताच्या लड्या करणारं रिळखातं येत नाही. बायका प्रामुख्याने तिथे आणि वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या कामाला, होत्या, म्हणून त्याही येत नाहीत. मला हे फार खटकतं.

हातमागाला सूत लडीत लागतं. रिळाचा घेर 54 इंच, म्हणजे दीड यार्ड. 80 फेऱ्यांचे 120 यार्ड, त्याच्या सातपट 840 यार्डांची एक लडी. 20 नंबरच्या सुताच्या 20 लड्या भरल्या की एक पौंड. मजुरी अंगावरच्या कामाची, जितकं सूत उतरेल तितकी. सूत कच्चं आलं की धागा तुटतो. गाठ मारायला रीळ थांबवलं तर काम घटतं, नाही थांबवलं तर लडीत फेऱ्या कमी भरतात. सूत कातणाऱ्या रिंगखात्यातून बॉबिन उशिरा आल्या तरी हात रिकामेच. चूक मागच्या खात्याची, मजुरी रिळावरच्या बाईची बुडाली! अशा ठिकाणी नुसती दरवाढ मागून भागत नाही, खोळंब्याचे पैसे मागावे लागतात.

बायका गप्प होत्या असंही नाही. नागपूरच्या गिरणी कामगार राधाबाई कांबळे यांनी कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या इंग्रज सरकारच्या रॉयल कमिशनपुढे साक्ष दिली. 20 जुलै 1942 ला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली इथेच दलित महिला परिषद भरली. गिरण्यांत बायकांवर देखरेखीला बायकाच नेमा, असा ठराव तिथे झाला. मुकादमाच्या हाताखाली काम केलेल्या बाईलाच या मागणीचं मोल कळेल.

पुढे बायका कमी झाल्या, त्याला ‘घर सांभाळायला गेल्या’ म्हणणं मला मान्य नाही. 1948 च्या फॅक्टरी कायद्याने त्यांचं काम सकाळी 6 ते संध्याकाळी 7 मध्ये बसवलं. रात्रीच्या कामापासून संरक्षण हवंच होतं. पण वेगवान वाइंडिंग मशीन तिन्ही पाळ्या चालवायची म्हटल्यावर मालकाला तिन्ही पाळ्यांत फिरवता येणारा पुरुषच सोयीचा. त्यात बाळंतपणाची रजा आणि पाळणाघर हा खर्च मालक बाईच्या नावावर मांडायचे. युनियनने तेव्हा खात्यातल्या बायकांच्या जागा राखायला हव्या होत्या.

नागपूरच्या एम्प्रेस गिरणीच्या जागेवर आज मॉल आहे. कुणाच्या घरी आजीचा गेटपास, पगाराची चिठ्ठी, वर्गणीची पावती असेल तर फेकू नका. त्यावरचं खातं, पाळी आणि तारीख आधी वहीत उतरवा, जुनी शाई लवकर उडते.