आधी जीपीयूचा वापर बघा

गेम नीट चालावेत म्हणून ‘जुन्या पीसीत नवं ग्राफिक्स कार्ड (जीपीयू) बसवलं की झालं’ हे एका लेखात वाचलेलं वाक्य अर्धवट आहे. आरटीएक्स ४०६० या कार्डाला मदरबोर्डाशी डेटाची ने-आण करणाऱ्या लेन आठच. कार्ड पीसीआयई ४.० (कार्ड जोडायचं मानक) साठीचं, त्यामुळे बी४५० सारख्या जुन्या पीसीआयई ३.० मदरबोर्डावर बँडविड्थ, म्हणजे डेटा वाहण्याची क्षमता, निम्मी होते. मग ८ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) भरली की सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) बरे दिसतात, पण गेम मध्येच अडखळतो. गेमच्या सेटिंगमध्ये टेक्स्चर (पृष्ठभागांचा तपशील) अल्ट्रावरून हायवर आणा, फरक लगेच कळेल.

नवं कार्ड घ्यायला पुण्याच्या तपकीर गल्लीत शिरण्याआधी व्ही-सिंक आणि फ्रेम लिमिट (एफपीएस रोखून धरणाऱ्या सेटिंग) बंद करून गेम चालू असताना जीपीयूचा वापर बघा. ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड कमी पडतंय. ६०-७० वर रेंगाळत असेल तर बहुतेक प्रोसेसरच अडवतोय. आणि सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलणाऱ्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर १४० एफपीएस काढून काय लोणचं घालायचंय?