जमीन दुसऱ्याच्या नावावर घेऊ नका

इंडोनेशियातल्या बाली बेटावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं 'ओळखीच्या गाववाल्याच्या नावावर बालीत जमीन घेता येते' हे वाक्य वाचून राहवलं नाही. कृपया हे करू नका. इंडोनेशियाच्या 1960 च्या जमीन कायद्यानुसार 'हाक मिलिक' म्हणजे पूर्ण मालकी फक्त तिथल्या नागरिकाला मिळते. परदेशी माणसासाठी आडून केलेला व्यवहार रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. राहायचंच असेल तर भाडेपट्टा किंवा 'हाक पाकाई' हा वापरहक्क घ्या.

आणि तिथलं शेतीचं पाणी एकट्याचं नसतंच हो! तबानान भागातल्या जातिलुविहला आम्ही चार दिवस राहिलो. पाटात एक आडवा ओंडका, त्याला खाचा पाडलेल्या, ज्याच्या वाट्याची जेवढी खाच तेवढं त्याचं पाणी. हे 'सुबाक', पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांची मंडळी. लावणी कधी, पाणी कुणाला आधी, सगळं देवळात बसून ठरतं. मला धुळ्याकडची पांझराकाठची फड पद्धत आठवली, तिथेही शेतकरी मिळून पाणी वाटून घेतात. 2012 मध्ये युनेस्कोने सुबाकला जागतिक वारसा म्हटलं, तरी बालीत भातखाचरं बुजवून व्हिला उठतायत, ते बघून जीव तुटतो.

आम्ही उतरलो त्या घरच्या आजी रोज सकाळी माडाच्या पानाच्या द्रोणात फुलं ठेवून उंबऱ्याशी पाणी शिंपडायच्या. तेवढा वेळ स्कूटरसुद्धा कुणी काढत नसे.

जाणार असाल तर न्येपीची, म्हणजे बालीतल्या नववर्षाच्या मौनदिवसाची, तारीख आधी बघा. त्या दिवशी विमानतळही बंद असतो.